कडेला बसणारीचा टीव्ही

बुधी वरठाला टीव्ही विकायला जाल तर फसाल. ती वस्तू विकत घेत नाही, पसंत करते. बैल पसंत करावा तशी. पुढून बघणार, मागून बघणार, पाठीवर थाप मारून बघणार आणि मग जाहीर करणार, "याचा सभाव बरा नाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बोईसरला नवापूर रोडवरच्या काचेच्या दुकानात, एसीच्या गारव्यात, एका पंचावन्न इंची टीव्हीबद्दल. विकणारा पोरगा मान खाली घालून हसत होता. मला राग आला. पण बुधी सोबत असली की माझा राग मागे रांगेत उभा राहतो. आधी तिचा नंबर.

तर ही बुधी. वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. तारापूरच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे गठ्ठे बांधते. बाई चाळिशीची, अंगाने काटक, आणि आवाज असा की यंत्रं धडधडत असतानाही पलीकडच्या खात्यात ऐकू जावा. आमच्या कामगार संघटनेत आली तेव्हा मी तिला भाषण करायला शिकवणार होते. पहिल्याच गेटसभेत तिने माझ्या हातातला माईक बाजूला सारला आणि नुसत्या तोंडाने बोलली. त्या दिवसापासून मी तिला काही शिकवायला जात नाही.

सगळ्यांना ती 'तू' म्हणते. मला तू, ठेकेदाराला तू. एकदा पालघरला कामगार ऑफिसात गेलो, साहेब डबा उघडून बसले होते, तर त्यांनाही, "जेव तू आधी, मंग भांडू." साहेब जेवले. मग भांडण झालं. पोट भरलेलं असल्यामुळे दोन्ही बाजूंनी चांगलं झालं.

या बाईला एकच वेड, हुतुतू. शहरवाल्यांनी कबड्डी म्हणावं. भाताची कापणी झाली की पाड्यावरच्या बायका-पोरी मोकळ्या शेतात खेळायला उतरतात. बुधी अजून चढाईला जाते आणि तिला धरायला चार जणी लागतात. शेजारच्या नवसीची दीपा तिनेच हेरली. पोर लहान होती, खेळता खेळता बुधीच्या पकडीतून निसटली. बुधीच्या हातून कोणी निसटत नाही. दुसऱ्या दिवशी बुधी नवसीच्या दारात जाऊन बसली आणि पोरीला खेळाच्या वसतिगृहात धाडायला आईबाप हो म्हणेपर्यंत उठली नाही. आज दीपा राज्याच्या ज्युनिअर मुलींच्या संघात आहे. चढाईला जाते. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आंब्यावरून पडली होती तेव्हाचा.

आता नवसी. दीपाची आई. बोलणं कमी, आणि कुठेही गेली तरी कडेला बसणार. लग्नात कडेला, सभेत कडेला, स्वतःच्या घरात पाहुणे आले तरी कडेला. तिने लेकीचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. यंदा दिवाळीच्या आधी पाड्यातल्या कोणीतरी कौतुकाने मोबाईलवर दाखवला. बोटाएवढा पडदा आणि त्यात मुंग्यांएवढ्या पोरी. पाच-सहा मुंग्यांनी एका मुंगीला खाली पाडलं, सगळ्या तिच्यावर पडल्या, दाबून धरलं. खालची मुंगी दीपा होती. नवसीने मोबाईल परत दिला आणि उठून गेली.

रात्री बुधीच्या दारात आली. "पोरीला मारतात तिथं. मी तिला आणणार."

बुधीने समजावलं. पकड काय असते, सुटायचं कसं असतं, सगळं अंगणात आडवं पडून करून दाखवलं. दीपानेही फोनवर सांगितलं, "आय, खेळ हाय तो. मी मजेत हाय."

"मार खाणारी पोर असंच सांगते," नवसी म्हणाली. "मीपन सांगत होते."

लहानपणी ती पालघरला एका घरी कामाला होती. त्यापुढे ती काही बोलली नाही आणि बुधीने विचारलं नाही. मला हे सांगताना बुधीचा आवाज खाली आला होता. तिचा आवाज खाली येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

तर ठरलं होतं असं. भात घरात आलं की नवसी आणि तिचा नवरा दरवर्षीसारखे वीटभट्टीवर निघणार, आणि यंदा जाताना दीपाला वसतिगृहातून काढून सोबत नेणार. ती आत्ता उत्तरेकडे कुठेतरी राष्ट्रीय स्पर्धेला गेलेली, तिथून आली की लगेच. आणि भट्टीवर गेलेली पोर मैदानावर परत येत नाही. अशा मी पुष्कळ पाहिल्यात, मला कोणी सांगायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी दीपाचा फोन आला. संघ फायनलला पोचला. रविवारी दुपारी सामना, खेळाच्या सरकारी चॅनेलवर थेट दाखवणार. घरावर छत्री लावली की फुकट दिसतं ते चॅनेल.

बुधीकडे एक जुना डब्बा टीव्ही होता. त्यात सगळी माणसं हिरवी दिसायची, आणि पावसाळ्यापासून तीही दिसेनाशी झालेली. नवीन घ्यायचा तिचा विचार होताच, पण असाच, कधीतरी. त्या संध्याकाळी ती नवसीकडे गेली.

"परवा तुला तुजी पोर दावते. तोंडासकट दावते. ती रडते का हसते ते तूच बग. रडली तर मी सोता जाते आन तिला घेऊन येते. आन हसली तर?"

नवसीने चूल सारखी केली, लाकूड पुढे ढकललं, मग म्हणाली, "आधी दाव."

शनिवारी सकाळी माझा फोन वाजला. "ताय, बोईसरला ये. टीव्ही पसंत करायचाय. भांडायला तू पायजे."

मी पोचले तर दुकानासमोर इको गाडीतून माणसं उतरतच होती. पाड्याची पद्धत आहे, मोठी वस्तू एकट्याने आणायची नाही. नवरी असो नाहीतर बैल, चार जणांनी जाऊन बघायचं, ज्याला पसंत नाही त्याने तिथेच तोंडावर बोलायचं, घरी आल्यावर चकार शब्द काढायचा नाही. म्हणून बुधीचा नवरा चिंतू होता, पाड्यातला एक आजा होता, दोन बायका होत्या, आणि अगदी मागच्या सीटवरून उतरली ती नवसी. नवसी दुकानात काही आली नाही. काचेच्या दाराबाहेर पायरीवर, तीही पायरीच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बसली.

"मी हितंच बरी."

आत भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. लाल-हिरवा, पंख फुलवणारा. विकणाऱ्या पोराच्या शर्टावर नाव लिहिलेलं, दर्पण. बोईसरमध्ये कोणी कामगार दिसला की आधी हिंदी, ही दुकानदारांची जुनी खोड. त्यानेही तेच केलं.

"आइए आंटी, कौन सा साइज देखना है? हफ्ते पे भी हो जायेगा."

"आंटी तुज्या घरी," बुधी म्हणाली. "मी बुधी. पोपट बंद कर."

"अं?"

"पोपट आमच्याकडं पुष्कळ हायेत. हुतुतू लाव. पोरींचं."

दर्पणने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मराठीत सांगितलंय त्यांनी."

त्याने मोबाईल काढला, काहीतरी खटपट केली, आणि एका टीव्हीवर कुठल्यातरी जुन्या मुलींच्या सामन्याचा व्हिडिओ सुरू झाला. आणि सुरू होताच आमची सगळी मंडळी खाली बसली. फरशीवर. चिंतू आणि आजा मधे, बायका दोन बाजूंना, एक पार फ्रीजच्या रांगेला टेकून आणि दुसरी वॉशिंग मशीनच्या पलीकडे. बुधी स्वतः सगळ्यांच्या मागे.

काउंटरवरून मालक धर्मेशभाई ओरडले, "अरे, अरे, रस्ता अडवू नका! गिऱ्हाईकं येतात!"

"हे कोण आहेत मग?" मी वळले. "पाहुणे आहेत का? तुमच्या दुकानात खाली बसलं की माणूस गिऱ्हाईक राहत नाही, असं बाहेर पाटीवर लिहा की!"

"ताय," बुधी मागून म्हणाली, "तू थांब. तुजं काम किमतीच्या वक्ताला हाय. आता ताकद घालवू नको." मग दर्पणला, "आमच्याकडं खुर्चीवर बसून कोणी बगत नाय. पाडा आंगणात बसतो. हितपासून तितपातुर. सगळ्यांना दिसलं पायजे. कळलं? आता पडलेल्या पोरीचं तोंड दाव."

"कुठल्या पोरीचं?"

"जिला धरलीय तिचं. पार खाली हाय ती. तिचं तोंड."

त्याने व्हिडिओ थांबवला. बुधी उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, मग मागे मागे येत परत खाली बसली. "चालव." चाललं. एक पोर धावली आणि तिच्या पायांमागे रंगाचा फराटा ओढला गेला.

"याच्यात पोरींना शेपट्या फुटतात," आजा म्हणाला. "नको."

पुढचा. त्यात सगळ्या पोरी हळद लावल्यासारख्या पिवळ्या. "लगीन हाय का आज त्यांचं?" नको. त्याच्या पुढच्यात आवाज डब्यात कोंडल्यासारखा. नको. दर्पणच्या कपाळाला घाम यायला लागला, एसीत. आणि मग तो आम्हाला त्या पंचावन्न इंचीपाशी घेऊन गेला. त्याच्यावर मोठी लाल पट्टी चिकटवलेली, सवलतीची.

चिंतू मधोमध बसला होता. तो बघतच राहिला. "बुधी! अगं पोरी दारात उभ्या ऱ्हायल्यासारख्या! दीपा केवढी दिसेल याच्यात, बैलाएवढी!"

"हाच घ्या," दर्पण म्हणाला. आता त्याचं मराठी सुटलं होतं. "याच्यासारखा दुसरा नाही दुकानात."

वॉशिंग मशीनच्या पलीकडून बाई ओरडली, "मला तर राख फासल्यासारख्या दिसतात गं! कोणाचं नाक कुठं तेपन कळत नाय!"

"मधे येऊन बस ना मंग," चिंतू म्हणाला.

"मधे तू बसलास ना पसरून!"

"सरकतो ना!"

"पाड्यात किती जणांसाठी सरकशील? तुजी मांडी हाय का भाताचं खळं?"

फ्रीजकडच्या बाईचीही तीच तक्रार निघाली. बुधी उठली, या टोकाला जाऊन बसली, त्या टोकाला जाऊन बसली. पाठीमागे हात घालून टीव्हीला एक थाप मारली. आणि तेव्हा ती म्हणाली, "याचा सभाव बरा नाय. समोरच्याला एक दावतो आन कडेच्याला दुसरं. असली माणसं मी कारखान्यात रोज बगते. त्यांना घरात कशाला आणू?"

चिंतूचा चेहरा पडला. "अगं पण मोठा हाय. घर आपलं, पैसा आपला. आपण मधेच बसू ना."

"टीव्ही आपल्या घरात ऱ्हाणार," बुधी म्हणाली. "पण उद्या बगणार कोण? नवसी. ती कुठं बसते?"

चिंतूने काचेतून बाहेर पाहिलं. नवसी पायरीच्या टोकाला, पदर डोक्यावर. तो त्या टीव्हीसमोरून उठला.

मला त्या क्षणी वाटलं, मी इतकी वर्षं सभा घेते, स्टेज बांधते, खुर्च्या मांडते. कडेवरून काय दिसतं हे तिथे बसून मी एकदाही पाहिलं नाही. असो. ते माझं मी बघीन.

आता दर्पण कामाला लागला. त्यालाही चेव आला होता. "मावशी, मी पण खेळलोय शाळेत, वाणगावला. कोपऱ्यात असायचो. घोटा धरायचो," असं म्हणत त्याने भिंतीवरच्या एकेका टीव्हीवर तोच सामना चढवायला सुरुवात केली. पोपट एक एक करून गेले. भिंतभर पोरी धावायला लागल्या. मिक्सर घ्यायला आलेलं एक बिहारी जोडपं थांबलं. नवरा ओरडला, "अरे पकड़ो, पकड़ो!" बायको म्हणाली, "छोड़ो उसको, जाने दो!" दोघांचं तिथेच वाजलं. रस्त्यावरचे रिक्षावाले काचेला नाक लावून उभे राहिले. आजाने चार बोटं दाखवून पंचाला शिव्या घातल्या. सामना दोन वर्षांपूर्वीचा, पंच आता कुठे असेल देव जाणे. धर्मेशभाई काउंटरमागून बाहेर आले आणि मला वाटलं आता हाकलतात, तर ते म्हणाले, "ती निळी पोरगी आऊट होती की!"

"नव्हती," दर्पण म्हणाला.

"अरे कडेच्या रेषेबाहेर पाय गेला होता तिचा!"

"शेठ, तुम्ही उभे आहात म्हणून तसं दिसतं. खाली बसा."

आणि धर्मेशभाई बसले. पांढरी पँट, फरशीवर.

शेवटी टीव्ही निघाला तो कोपऱ्यातला. त्रेचाळीस इंची, काळी साधी चौकट, त्याच्यावर पट्टी नाही, काही नाही. बुधीने त्यात पडलेल्या पोरीचं तोंड समोरून पाहिलं, या टोकाहून पाहिलं, त्या टोकाहून पाहिलं. तोंड तेच राहिलं. घाम होता तो घाम दिसला, दात होते ते दात दिसले. "तुला?" बुधीने विचारलं. "दिसतं," वॉशिंग मशीन. "तुला?" "दिसतं," फ्रीज. आजा म्हणाला, "बारका हाय, पण खोटं बोलत नाय." चिंतूने पंचावन्न इंचीकडे एकदा, सोयरीक मोडल्यासारखं बघितलं आणि मान हलवली.

"ताय," बुधी म्हणाली, "आता तू."

मी पुढे काय केलं ते लिहीत नाही. धर्मेशभाई अजून त्याच रस्त्यावर दुकान चालवतात, त्यांना इज्जत आहे. एवढंच सांगते की रविवारी सकाळी छत्री बसवायला दर्पण स्वतः पाड्यावर येणार, हे त्यांच्याच तोंडून वदवलं.

खोकं बाहेर आणलं तेव्हा नवसी उठली. खोक्याकडे बघून म्हणाली, "लहान हाय."

"तोंड मोठं दिसल," बुधी म्हणाली.

रविवारी मी सकाळीच पाड्यावर पोचले. घरी बसवेना. दर्पण मोटारसायकलवर छत्री बांधून आला होता, पत्र्यावर चढून ती फिरवत होता, खालून निम्मा पाडा त्याला दिशा सांगत होता. ओट्यावर लाकडी बाकडं, बाकड्यावर टीव्ही, टीव्हीला हळदकुंकू. चित्र लागलं. असं स्वच्छ की बायकांनी तोंडाला पदर लावले. चॅनेलवर कुठलीशी कुस्ती चालू होती, तिलाही टाळ्या पडल्या. दर्पणला तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळाली. बुधी सगळीकडे एकटीच, हिला बसव, त्याला उठव, पोरांना आंघोळी घाल. तिच्या अंगात दीपाच्या आधीच सामना सुरू झाला होता.

आणि दुपारी आमची फजिती झाली.

पाड्यावर टीव्ही बघायचा तो रात्री. कामं आटोपली, जेवणं झाली की अंगणात बसायचं, अशीच सगळ्यांची सवय. आम्ही शेपट्या तपासल्या, हळद तपासली, दोन्ही टोकं तपासली. ऊन तपासलं नाही. घराचं तोंड पश्चिमेला. सकाळी अंगणात घराची सावली होती म्हणून सगळं झकास दिसलं. दुपार कलली तसा सूर्य समोर आला आणि थेट पडद्यावर बसला. टीव्हीत पाडाच दिसायला लागला. आजा दिसला, चिंतू दिसला, मागचं आंब्याचं झाड दिसलं. कबड्डी औषधालाही नाही. आणि आतून आवाज येतोय, दोन्ही संघ मैदानावर उतरले आहेत!

"घरात न्या!" मी ओरडले.

"घरात कुठं?" बुधी ओरडली. मी दारातून डोकावले. नवं भात घरात येऊन पडलेलं, पोती आढ्यापर्यंत. मांजराला बसायला जागा नव्हती.

शिट्टी वाजली. सामना सुरू झाला. आम्हाला नुसता ऐकू येत होता. मी दर्पणवर खेकसले, "अरे काहीतरी कर, उजेड वाढव!"

"ताई, उजेड पुरता वाढवलाय. सूर्याशी कसं भांडू?"

तेवढ्यात टीव्हीत बोलणाऱ्याने नाव घेतलं, दीपा. नवसी अंगणाच्या टोकाला कुडाला टेकून बसली होती. तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यात तिला तीच दिसली असणार.

"मांडव!" बुधी किंचाळली. "मांडव घाला रं! लगीन हाय समजा!"

मी लग्नाचे मांडव पाहिलेत. दोन दिवस चालतात, गाणी होतात, जेवणं होतात. हा मांडव जसा उभा राहिला तसा मी कधी पाहिलेला नाही. चिंतूने गोठ्यातले बांबू उपटले. पोरांनी आंब्याच्या फांद्या तोडल्या. बायकांनी गोधड्या आणल्या, कोणी नवऱ्याच्या अंगाखालून ओढून आणली. झोडणीची निळी ताडपत्री दोघांनी धरली, दर्पण बुटासकट बाकड्यावर चढला आणि दोऱ्या बांधायला लागला. पश्चिमेच्या बाजूला चटया उभ्या केल्या. एक बांबू पडला, परत उभा केला. मी स्वतः दोन गोधड्या डोक्यावर धरून उभी होते आणि सगळ्यांवर ओरडत होते, कशाबद्दल ते आता आठवत नाही. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. ते कोणीतरी पकडलं. बघते तर नवसी. दोरी दोन्ही हातांनी घट्ट ओढून उभी.

आणि चित्र आलं. अंधारात पणती लावावी तसं एकदम उजळलं.

आपल्या पोरी पिवळ्यात, समोरच्या निळ्यात. आपण पाच गुणांनी मागे. लोक मिळेल तिथे बसले. नवसीची दोरी चिंतूने बांबूला बांधून घेतली, आणि ती कडेला, चटईच्या टोकाला जाऊन बसली. तिच्या जागेवरून टीव्ही अगदी तिरपा होता. मी मुद्दाम तिच्याशेजारी जाऊन बसले. दिसत होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

दीपा चढाईला निघाली.

निळ्या पोरींनी तिला आत येऊ दिलं. डाव्या कोपऱ्यातली उंच पोर वाकून बसली होती, दीपा तिच्याजवळून गेली आणि तिने झडप घालून दीपाचा घोटा धरला. दीपा पडली. दुसरी मांड्यांवर पडली, तिसरी कमरेवर, चौथी, पाचवी. खाली दीपा कुठे आहे ते दिसेना. नुसता निळा ढीग.

नवसीच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता तो. ती उठायला लागली, बुधीने मागून तिच्या खांद्यावर हात दाबला. "थांब. बग."

"मारली..."

"बग म्हनते ना!"

ढिगाखालून एक हात निघाला. नुसता हात. तो चटईवरून सरकला, इंच इंच, पाच जणींचं ओझं ओढत. बोटं लांब झाली. मधली रेष तिथेच होती, वीतभर पुढे. आजा जमिनीवर स्वतःचीच बोटं लांब करत होता. आणि मधल्या बोटाचं टोक रेषेला लागलं.

पंचाने हात वर केला. पाच बोटं.

मग त्यांनी तेच परत हळूहळू दाखवलं, जवळून. बोट, रेष. आणि मग ढीग सुटला, एकेक निळी पोर डोकं धरून उठली, आणि सगळ्यांच्या तळाशी दीपा. तोंडाला घाम, केस कपाळाला चिकटलेले. पडद्यावर नुसतं तिचं तोंड. ती हसत होती. अर्धा दात दाखवून, कानापर्यंत. आणि जिने घोटा धरला होता तिने दीपाला हात देऊन उठवलं.

अंगण फुटलं. चिंतू दर्पणच्या गळ्यात पडला. मांडवाचा एक बांबू खाली आला, कोणी उचलला नाही. बुधी दोन्ही हात वर करून नुसती ओरडत होती.

नवसी ओरडली नाही. तिने बुधीचा पदर ओढला. "पाच जणी व्हत्या?"

"पाच."

"आन माजी एकटी?"

"एकटी."

"मंग बाद कोण झाल्या?"

"त्या! पाचीच्या पाची!"

नवसीने हे मनात नीट ठेवून घेतलं. मग उठली. पदर कमरेला खोचला आणि बसलेल्या लोकांमधून, पोरांच्या डोक्यांवरून पाय टाकत थेट पुढे गेली. टीव्हीसमोर मधोमध आजा बसला होता. "सर की जरा," नवसी म्हणाली. आजा इतका दचकला की अर्धं अंगण सरकून बसला.

त्यानंतर सामना संपेपर्यंत मी सामना कमी आणि नवसी जास्त बघितली. तिला नियम एकही माहीत नव्हता आणि मत प्रत्येक गोष्टीवर होतं. "पळ! आता पळ! अगं ती टपलीय तिकडं! सोड, पाय सोड!" निळ्या उंच पोरीला तिने अशा शिव्या घातल्या की दर्पण लाजला. एकदा त्याच उंच पोरीने दीपाचा पाय धरला आणि दीपा सुटली नाही, तेव्हा नवसीने जमिनीवर मूठ आपटली. पण लेक उठताना तोंडाकडे आधी बघून घेतलं. हसते आहे ना. हसत होती.

आपण हरलो. एका गुणाने. शेवटची शिट्टी वाजली आणि पिवळ्या पोरी चटईवर बसून रडायला लागल्या. दीपापण. बुधीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. रडली तर मी स्वतः जाऊन घेऊन येते, असं बोलून बसली होती बाई. आणि बुधी बोलली की फिरत नाही.

संध्याकाळी दीपाचा फोन आला. बुधीने मोबाईल नवसीकडे दिला आणि आवाज मोठा केला. सगळा पाडा गोळा झाला.

"आय, हरलो," दीपा मुसमुसत म्हणाली.

"बगितलं मी. लागलं का कुठं?"

"नाय."

"मंग रडतेस का?"

"एका गुणानं गेलं, आय! एका गुणानं!"

मी बुधीचा हात धरला.

"ती उंच निळी," नवसी म्हणाली. "तुजा पाय धरणारी. ती परत कवा भेटल?"

"पुढल्या वर्सी. निवड झाली तर."

"मंग तवर हितं येऊन काय करणार तू? भट्टीवर विटा धरणार का तिचा पाय धरणार? तिथंच ऱ्हा. आन तो डावा पाय आधी सोडवायला शिक."

"उजवा!" बुधी ओरडली. इतका वेळ कोंडलेलं सगळं त्या एका शब्दात आलं. "उजवा धरला व्हता तिनं!"

"डावा. मी बगितला."

"अगं मी खेळते का तू?"

"तू मागं बसलीवतीस. मी पुढं व्हते."

"मी उजवा म्हनते!"

"डावा!"

मोबाईल दोघींच्या मधे हवेत होता. आतून दीपा हाका मारत होती, आय, आय, बुधीकाकी, ऐका ना. कोणी ऐकत नव्हतं.